दोनशे रुपयांचा डीटी-830 मल्टिमीटर: जुन्या एमपीएफआय गाडीच्या ईसीएम वायरिंगला कितपत पुरतो?

डीटी-830 हे कोणा एका कंपनीचे उत्पादन नाही. मधोमध गोल फिरकी, वर साडेतीन अंकी पडदा आणि खाली तीन भोके असलेला हा मीटर, बहुधा पिवळ्या नाहीतर काळ्या प्लॅस्टिकमध्ये, अनेक उत्पादक वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो दोनशे रुपयांच्या आगेमागे सहज मिळतो. या परीक्षणात त्याचा विचार एकाच कामापुरता केला आहे. 2000 सालाच्या आगेमागे बनलेल्या, आपल्याकडे ज्यांना सरसकट एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर) म्हणतात अशा पेट्रोल गाड्यांच्या इंजिन कंप्युटरचे, म्हणजे ईसीएमचे, वायरिंग समजून घेणे आणि त्यातला बिघाड पकडणे एवढेच ते काम. माझा वापर प्रामुख्याने सीएनजी किट बसवलेल्या एका मारुती झेनवर झालेला आहे, परंतु पुढे लिहिलेले बहुतेक सर्व त्या पिढीतील इतर गाड्यांनाही लागू पडते.

मत आधीच सांगतो. सोबत त्या गाडीचा वायरिंग नकाशा असेल आणि मोजण्याची पद्धत ठाऊक असेल, तर हा स्वस्त मीटर अशा गाडीवरच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे देतो. नकाशा नसेल, तर दहा हजारांचा मीटरही फारसे काही सांगू शकत नाही.

हा मीटर मुळात लागतोच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, कारण ब्लूटूथवर चालणारे, ईसीएममधील बिघाडाचे कोड वाचणारे छोटे स्कॅनर आता हजाराच्या आत मिळतात. अडचण अशी आहे की भारतात गाडीतल्या स्वयंनिदान यंत्रणेची, म्हणजे ओबीडीची, सक्ती एप्रिल 2010 पासून आणि तिच्या दुसऱ्या टप्प्याची एप्रिल 2013 पासून आली. त्याआधीच्या गाड्यांमध्ये प्रत्येक कंपनीचा कपलर (तारांचा प्लग-सॉकेटसारखा जोड) वेगळा आणि संवादाची भाषाही बहुधा वेगळी, त्यामुळे सर्वसाधारण स्कॅनर कित्येकदा जोडलाच जात नाही. त्या काळच्या अनेक सुझुकी गाड्यांत निदानाच्या कपलरमधील ठराविक पिन अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या बॉडीला, जोडली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून दोन अंकी कोड देतो, आणि 12 हा आकडा पुन्हा पुन्हा आला तर नोंद घेण्याजोगा बिघाड नाही असे समजायचे. ही सोय चांगली आहे, पण कोड म्हणजे केवळ संशयिताचे नाव होय. तापमानाच्या सेन्सरचा कोड आला, तर सेन्सर गेला, त्याची तार तुटली की कपलरमध्ये पाणी शिरले, हे त्यावरून कळत नाही. तेथे मीटरच लागतो. तो न लावता सेन्सरामागून सेन्सर बदलत जाणे आणि शेवटी 'कंप्युटर उडाला' असे जाहीर करणे हा प्रकार गॅरेजांत इतका रुळला आहे, की ज्यांत काहीही बिघडलेले नाही असे ईसीएमही बदलले जातात.

मीटर हातात घेण्यापूर्वी एक चाचणी फुकटात होते. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू न करता, चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि पेट्रोलच्या टाकीकडून पंपाचा साधारण दोन सेकंदांचा आवाज आला पाहिजे. दोन्ही झाले तर ईसीएम जागा आहे. दोन्ही झाले नाहीत, तर प्रथम त्याला वीज पोहोचते की नाही ते पाहायचे. ईसीएमकडे येणारा पुरवठा सामान्यतः तीन वाटांनी येतो. एक तार बॅटरीवरून थेट येते आणि स्मृती जपते. बॅटरी काढली की साठवलेले कोड पुसले जातात ते यामुळेच. दुसरी तार चावी ऑन झाल्याची वर्दी देते. तिसरी मेन रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या मुख्य स्विचमार्फत) येते आणि प्रत्यक्ष कामाची वीज पुरवते. डीटी-830 वीस व्होल्टच्या पट्ट्यावर (फिरकीवरील मापनमर्यादेवर) ठेवून या तिन्ही पिना तपासायला पाच मिनिटे पुरतात, कारण तेथे 0.01 व्होल्टपर्यंतचा फरक दिसतो आणि या कामाला तेवढी सूक्ष्मता पुरून उरते. जुन्या होंडा गाड्यांत मेन रिलेच्या आतील डाखांना तडे जाऊन उन्हात तापलेली गाडी सुरू न होणे ही तक्रार जगभर परिचित आहे; तेथेही हीच तिसरी वाट मोजली की निदान होते, आणि उपाय म्हणजे डाख पुन्हा देणे.

पिना मोजताना नकाशा कसा वाचायचा हे ठाऊक हवे, आणि नवख्या माणसाची गाडी येथेच अडते. कपलरचे चित्र तारांच्या बाजूने काढलेले आहे की पिनांच्या तोंडाकडून, हे चित्राशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते; ते न पाहता मोजले तर डावे-उजवे उलटते आणि पहिली पिन शेवटची ठरते. रंगांची अक्षरेही कंपनीगणिक बदलतात. टोयोटाच्या नकाशात निळ्या रंगासाठी एल हे अक्षर वापरतात, सुझुकीच्या नकाशात बी म्हणजे काळा. तिरप्या रेघेच्या आधीचा रंग तारेचा मूळ रंग असतो आणि नंतरचा तिच्यावरील पट्ट्याचा. घरच्या वायरिंगची सवय असलेल्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी: काळी तार दिसली की ती अर्थच असणार असे येथे धरून चालत नाही. सुझुकीच्या गाड्यांत पांढऱ्या पट्ट्याची काळी तार ही चावीवरून येणारी बारा व्होल्टची तार असते, आणि जर्मन पद्धतीच्या वायरिंगमध्ये अर्थ तपकिरी असतो. वीस-बावीस वर्षांनी इंजिनालगतच्या तारांचे रंग इतके उडालेले असतात, की तपकिरी, लाल आणि नारिंगी यांत फरक करणे कठीण जाते. अशा वेळी रंगावर विसंबण्यापेक्षा दोन टोकांमधील सलगता, म्हणजे तार अखंड आहे की नाही, मीटरवर तपासलेली बरी. या मीटरच्या काही प्रतींत सलगतेसाठी बझर असतो, काहींत नसतो. विकत घेताना बझर असलेलाच मागून घ्यावा, कारण डॅशबोर्डखाली मान वाकडी करून पडलेल्या माणसाला पडदा दिसत नाही.

आता या मीटरच्या खऱ्या उपयोगाकडे येतो. अर्थ तपासणे हे जुन्या गाडीवरचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने केले जाणारे काम आहे. सर्वसाधारणपणे मीटर ओहमवर ठेवून एक टोक बॉडीला आणि दुसरे इंजिनाला लावतात, पडद्यावर 0.4 किंवा 0.5 दिसले की अर्थ ठीक असल्याचे सांगून मोकळे होतात. तो आकडा काहीही सांगत नाही, कारण तेवढा रोध या मीटरच्या बारीक वायरींचाच असतो. हिशेब करून पाहा: स्टार्टर फिरताना दीडशे अँपियरच्या आसपास विद्युतप्रवाह जात असेल आणि जोडात केवळ 0.01 ओहम रोध असेल, तरी तेथे दीड व्होल्ट गळतात. 0.01 ओहम हा आकडा डीटी-830ला दिसूच शकत नाही, कारण त्याच्या सर्वांत खालच्या पट्ट्यावरही 0.1 ओहमच्या आतले काही वाचता येत नाही. मात्र दीड व्होल्ट त्याला अगदी स्पष्ट दिसतात. म्हणून रोध न मोजता भार चालू असताना व्होल्टेजची गळती मोजायची. काळा प्रोब (मीटरच्या वायरीचे धातूचे टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबाच्या शिशावरच, क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब प्रथम इंजिनाच्या ब्लॉकवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. ब्लॉकवर 0.2 व्होल्टपर्यंत चालते. त्याहून बरेच जास्त आले तर अर्थची जाड पट्टी काढून घासली पाहिजे किंवा बदलली पाहिजे. त्यानंतर लाल प्रोब ईसीएमच्या अर्थ पिनेवर, कपलरच्या मागच्या बाजूने. इंजिन चालू ठेवून तेथे 0.1 व्होल्टच्या आतच आकडा हवा.

दशांशातला एवढासा आकडा इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर सेन्सरांत आहे. इंजिनाच्या धुरातील ऑक्सिजन टिपणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा सारा कारभार 0.1 ते 0.9 व्होल्ट एवढ्यात चालतो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) की पातळ याचा निवाडा ईसीएम 0.45च्या आसपास करतो. अशा ठिकाणी ईसीएमचा स्वतःचा अर्थच 0.3 व्होल्टने वर उचलला गेला, तर निवाड्याचा पायाच सरकतो. माझ्या पाहण्यातील झेनवर नेमके हेच होते. दिवसा गाडी ठीक चालायची. रात्री हेडलाइट आणि पंखा लावला की आयडलिंग (पेडल सोडल्यावरची इंजिनाची गती) वरखाली होऊ लागायचे, आणि सल्ला मिळाला होता थ्रॉटल बॉडी, म्हणजे आत जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग, बदलण्याचा. मीटर दोन हजार मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून ईसीएमच्या अर्थवर लावला तेव्हा सर्व बंद असताना आकडा 40 मिलिव्होल्ट होता, हेडलाइट लावताच तो 380 वर गेला. दोन हेडलाइट मिळून दहा अँपियरच्या आसपास खेचतात, आणि त्यांचा परतीचा प्रवाह ईसीएमच्या वाटेवरून जात होता. सीएनजी किट बसवणाऱ्याने इनटेक मॅनिफोल्डवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरचा) अर्थचा थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची कडी, सोडवून तो किटच्या रंगवलेल्या पट्टीखाली बोल्टात अडकवला होता. रंगाच्या थरावर अर्थ कसा मिळणार? पट्टीचा रंग खरवडून काढणे पुरेसे होते, तरी थिंबल मूळ जागी नेला, बोल्ट घासला, वरून ग्रीसचे बोट फिरवले. त्यानंतर हेडलाइट लावूनही आकडा 50 मिलिव्होल्टपुढे गेला नाही. या निदानात मीटरच्या किमतीचा कोठेही अडसर आला नाही, हे नमूद केले पाहिजे.

सीएनजीचा विषय निघालाच आहे तर इंजेक्टरच्या तारांबद्दलही लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या या वयाच्या गाड्यांत हा प्रश्न सर्रास आढळतो. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये गाडी सीएनजीवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद राहावेत म्हणून त्यांच्या तारा कापून एका इम्युलेटरमधून फिरवतात. इंजेक्टर तोडला असूनही तो जागेवर आहे असे ईसीएमला भासवणे हे त्या डबीचे काम. कल्पनेत दोष नाही, दोष जोडात असतो. तारा नुसत्या पिळून वर पीव्हीसी टेप गुंडाळतात, इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. असा जोड तुटत नाही, फक्त रोध वाढवतो, आणि त्यामुळेच तो सापडत नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे इंजेक्टर 12 ते 16 ओहमचे असतात. बॅटरी सोडून, ईसीएमचा कपलर काढून, इंजेक्टरचा सामाईक पुरवठा आणि कपलरमधील प्रत्येक इंजेक्टरची पिन यांमधील रोध दोनशे ओहमच्या पट्ट्यावर मोजला, तर तारा, जोड आणि इंजेक्टर यांची एकत्रित परीक्षा होते. चार आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. 14.1, 14.3, 14.2 आणि चौथा 17.8 असा आला, तर चौथ्या सिलिंडरच्या तारेत साडेतीन ओहम कोठेतरी लपलेले आहेत असे समजावे. तेवढ्याने त्या इंजेक्टरला मिळणारा प्रवाह जवळपास पाचव्या हिश्शाने घटतो, तो उशिरा उघडतो आणि तो सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो. येथे मीटरच्या वायरींचा अर्धा ओहम सर्व आकड्यांत सारखाच मिसळलेला असल्यामुळे तुलनेला बाध येत नाही. जोड सापडला की तो कापून डाख द्यावा आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. टेप पुन्हा गुंडाळू नये.

सेन्सरांकडे वळू. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा दोन तारांचा सेन्सर तपासणे हा वायरिंग समजून घेण्याचा उत्तम पहिला धडा आहे. या सेन्सरचा रोध थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी होतो: 20 अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. कपलर काढून, चावी ऑन ठेवून, कपलरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजले तर पाच व्होल्टच्या आसपास आले पाहिजे, कारण ईसीएम आतून एका रोधामार्फत पाच व्होल्ट पाठवत असतो आणि सेन्सर ते खाली ओढतो. पाच आले, तर दोन्ही तारा आणि ईसीएमचा तो भाग शाबूत आहेत आणि दोष सेन्सरातच शोधायचा. पाच आले नाहीत, तर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर नेऊन पुन्हा मोजावे. आता पाच आले तर परतीची तार तुटलेली आहे, तरीही आले नाहीत तर सिग्नलची तार तुटलेली आहे किंवा ईसीएमकडूनच पाच व्होल्ट निघत नाहीत; त्या तारेची सलगता तपासली की यातले कोणते ते कळते. एवढ्या साध्या मोजणीत दोन तारा, सेन्सर आणि ईसीएम या चौघांपैकी दोषी कोण ते ठरते, आणि ईसीएम उघडावा लागत नाही.

मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारा टीपीएस यांना तीन तारा असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, परतीची तार आणि सिग्नल. टीपीएसचा सिग्नल पेडल सोडलेले असताना अर्ध्या व्होल्टच्या आगेमागे आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचारच्या जवळपास असतो. मध्ये हळूहळू दाबत नेताना आकडा कोठे अचानक पडता कामा नये. हा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे पेडल खरोखरच हळू दाबावे लागते. मॅप सेन्सरच्या बाबतीत पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात हे ध्यानात ठेवावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि येथे हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास असतो. महाबळेश्वरात तो 86 पर्यंत उतरतो. त्यामुळे इंजिन बंद असताना मुंबईत चार व्होल्ट दाखवणारा सेन्सर पुण्यात पावएक व्होल्ट कमी दाखवील. तो बिघडलेला नसतो, घाट चढून आलेला असतो.

आता उणिवा. त्या बऱ्याच आहेत आणि काही धोकादायक आहेत.

पहिली उणीव म्हणजे या मीटरचा आंतररोध, म्हणजे मोजताना सर्किटला दिसणारा मीटरचा स्वतःचा रोध, एक मेगाओहम आहे, तर चांगल्या मीटरचा दहा असतो. पाण्याच्या तापमानाच्या किंवा टीपीएसच्या सर्किटवर याने फरक पडत नाही. परंतु ऑक्सिजन सेन्सर थंड असताना त्याचा स्वतःचा रोध इतका प्रचंड असतो, की एक मेगाओहमचा मीटर त्याचा सिग्नल खाली खेचतो. म्हणून सेन्सर पूर्ण तापल्याखेरीज वाचन घेऊ नये. तरीही, टेस्ट लॅम्पपेक्षा हा मीटर शतपटीने सुरक्षित आहे. बल्बचा टेस्ट लॅम्प तीन-चारशे मिलिअँपियर खेचू शकतो आणि ईसीएमच्या सेन्सरच्या तारांवर तो लावणे म्हणजे चालू ईसीएम स्वतःच्या हाताने मारणे होय. फ्यूज आणि हेडलाइट तपासायला टेस्ट लॅम्प ठेवावा, ईसीएमच्या कपलरजवळ तो आणू नये.

दुसरी उणीव वेगाने बदलणाऱ्या सिग्नलांची. आयडलवर, म्हणजे मिनिटाला आठशे फेऱ्यांवर, इंजिनाचे एक पूर्ण चक्र 150 मिलिसेकंदांत होते आणि इंजेक्टर त्यातले जेमतेम तीन मिलिसेकंद उघडा असतो. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे चालू इंजेक्टर आणि बंद इंजेक्टर यांच्या आकड्यांत पाव व्होल्टच्या आसपासच फरक पडतो आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे वेडेपणाचे ठरेल. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) चुंबकीय सेन्सरचे तसेच. मीटरचा एसी पट्टा दोनशे व्होल्टपासून सुरू होतो आणि 0.1 व्होल्टच्या पायऱ्यांनी चालतो. स्टार्टर फिरवताना सिग्नल आहे की नाही इतपत अंदाज येतो, त्याचा आकार कसा आहे हे कळत नाही. सेन्सरच्या वेटोळ्याचा रोध मोजून ते तुटले आहे का एवढे सांगता येते. इंजेक्टरच्या स्पंदांसाठी कपलरमध्ये बसणारा छोटा एलईडी दिवा मिळतो, तो वेगळा घ्यावा.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. दहा अँपियरच्या भोकाला बहुतेक प्रतींत फ्यूज नसतो. लाल वायर त्या भोकात राहिली आणि प्रोब बॅटरीला लागले, तर मीटर म्हणजे बॅटरीवरचा थेट शॉर्ट ठरतो. माझा सल्ला असा, की गाडीच्या कामासाठी घेतलेल्या मीटरचे ते भोक चिकटपट्टी लावून बंदच करून टाकावे. प्रवाह मोजण्याची वेळ या कामात क्वचितच येते. घरातील 230 व्होल्टवर हा मीटर वापरू नये, त्यावर काहीही छापलेले असो. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरच्या तारांना कोणताही मीटर लावू नये.

सोबत मिळणारे प्रोब जाड टोकाचे आणि वायरी लवकर तुटणाऱ्या असतात. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवून तिला प्रोब लावणे हा रूढ उपाय आहे आणि तो चांगला चालतो. प्रोबच्या टोकाने तारेचे आवरण भोसकू नये. त्या सूक्ष्म भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर दोन पावसाळ्यांत ती तार आतून हिरवी होऊन जाते. मगरीच्या जबड्याचे चिमटे असलेली वायरींची जोडी पन्नास-साठ रुपयांत वेगळी मिळते. ती घेतल्याने दोन्ही हात मोकळे राहतात आणि बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत लांब वायर ओढून एकट्यानेही गळती मोजता येते.

नऊ व्होल्टच्या बॅटरीबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. हा मीटर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे पेटीत चालू राहिला की बॅटरी संपते. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी उतरू लागली की हा मीटर कमी नव्हे तर जास्त आकडे दाखवू लागतो आणि गाडीची बॅटरी अकस्मात साडेतेरा-चौदा व्होल्टची दिसते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या जवळपास असते. इंजिन बंद असताना त्याहून बराच मोठा आकडा दिसला, तर संशय अल्टर्नेटरवर घेण्याआधी मीटरच्या बॅटरीवर घ्यावा.

दुकानात घेताना नवी पेन्सिल सेल सोबत न्यावी. ती दीड व्होल्टच्या किंचित वर, साधारण 1.5 ते 1.6 दाखवली पाहिजे. प्रोब एकमेकांना टेकवून दोनशे ओहमवर आकडा स्थिर राहतो का ते पाहावे. तो नाचत असेल तर फिरकीचे आतील संपर्क सैल आहेत, दुसरा नग मागावा. दुकानदाराकडे चांगला मीटर असतो, त्याच्याशी ताडून पाहायला तो बहुधा नाही म्हणत नाही. गॅरेजचा व्यवसाय करणाऱ्याने मात्र हा न घेता हजार-दीड हजारांचा, दहा मेगाओहमचा, वारंवारिता आणि ड्युटी (सिग्नल किती टक्के वेळ चालू असतो ते) मोजणारा मीटर घ्यावा, कारण रोजच्या कामात ऑक्सिजन सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्हचे सिग्नल टाळता येत नाहीत. घरच्या एका जुन्या गाडीसाठी दोनशेचा मीटर आणि उरलेल्या पैशांत त्याच गाडीच्या वायरिंग नकाशाची स्वच्छ, रंगीत, मोठ्या कागदावरची छपाई, ही जोडी मी अधिक पसंत करीन. त्या नकाशावर ईसीएमच्या प्रत्येक पिनेशेजारी गाडी ठणठणीत असतानाचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला, की पुढचा बिघाड शोधताना तुलनेला कोणाचे पुस्तक लागत नाही.